कायद्याला फार्मासिस्ट हवा आहे की त्याचे सर्टिफिकेट?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "नीटला नंबर नाही लागला तर फार्मसी करू." आईवडिलांनाही ते पटते. डॉक्टर नाही तर निदान औषधाशी संबंध. पुढेमागे स्वतःचे मेडिकल टाकता येईल, नाहीतर कंपनीत लागेल, सरकारी दवाखान्यात जागा निघाली तर सोन्याहून पिवळे. हा हिशोब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या कायद्यांवर तो उभा आहे ते कायदे आपण वाचत नाही. प्रवेशाच्या वेळी आपण फी पाहतो, अंतर पाहतो, वसतिगृह आहे का ते पाहतो. या अभ्यासक्रमाचा प्रत्येक धागा मात्र कुठल्या ना कुठल्या कायद्याने, नियमाने किंवा न्यायालयाच्या निकालाने बांधलेला आहे, आणि त्यातला एक जरी धागा तुटला तरी तो आपल्याच मुलामुलींच्या अंगावर येतो.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बरेच काही घडले. २०२२ मध्ये डी. फार्म झालेल्यांसाठी एक्झिट परीक्षेचे नियम आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नव्या महाविद्यालयांवरची बंदी रद्द केली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. आणि २०२५ च्या मध्यात सीबीआयने थेट फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांविरुद्ध, महाविद्यालयांना मान्यता देण्यातल्या लाचखोरीच्या आरोपावरून, गुन्हा नोंदवला. आरोप म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, हे लक्षात ठेवूनच बोलले पाहिजे. पण या बातम्या सुट्या सुट्या वाचल्या तर काही कळत नाही. एकत्र ठेवल्या तर त्यांच्यामागे एक जुनी गोष्ट दिसते.

ती गोष्ट अशी : आपल्या कायद्याने औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट असलाच पाहिजे असे सांगितले, पण अंमलबजावणी केली ती त्याच्या सर्टिफिकेटची. माणूस तिथे उभा आहे की नाही, त्याला काही येते की नाही, हे पाहण्याची यंत्रणा कायम दुबळी राहिली. ज्या बाजारात फक्त कागदाला किंमत आहे, त्या बाजारात शिक्षणसंस्थाही कागदच विकू लागतात.

कंपाउंडरपासून सुरुवात

इंग्रजी अमलात औषध देणारा म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरच्या हाताखाली राहून शिकलेला, बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून डोस सांगणारा. त्याच्यासाठी देशभर लागू असा एक अभ्यासक्रम, एक परिषद असे काही नव्हते. भेसळीच्या आणि निकृष्ट औषधांच्या तक्रारी वाढल्यावर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. औषधांवर नियंत्रण हवे आणि ती देणाऱ्या माणसाच्या शिक्षणावरही नियंत्रण हवे, असे या समितीने सुचवले. १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने फार्मसीचे शिक्षण सुरू झाले. १९४० मध्ये औषध कायदा आला, १९४५ मध्ये त्याचे नियम. माणसाच्या शिक्षणाचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये आला. तोच आपला फार्मसी कायदा.

या कायद्यातली तीन कलमे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असली पाहिजेत. कलम १० प्रमाणे शिक्षणाचे नियम, म्हणजे प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रम, प्रशिक्षणाचे तास, परीक्षा, हे सगळे फार्मसी कौन्सिल ठरवते. कलम १२ प्रमाणे कोणत्या संस्थेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा नोंदणीसाठी ग्राह्य धरायची हेही कौन्सिलच ठरवते. आणि कलम ४२ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी तयार करायचे नाही, द्यायचे नाही.

यातले कलम ४२ हे सगळ्या व्यवसायाचा कणा. पण गंमत पाहा. कायदा १९४८ चा, आणि हे कलम देशभर पूर्णपणे लागू व्हायला १९८४ उजाडले. मुदती वाढत गेल्या, कारण तेवढे शिकलेले फार्मासिस्टच नव्हते. पहिल्या नोंदवहीत तर पदविका नसलेल्या पण पाच वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असलेल्यांनाही घेतले गेले. त्या काळात ते योग्यच होते. मोडल्यास शिक्षा किती, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हा हजार रुपयांचा आकडा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दुरुस्ती होईपर्यंत पुस्तकात तसाच होता. ज्या कायद्याचा दंड दुकानदाराच्या एका दिवसाच्या गल्ल्याहून कमी आहे, तो कायदा पाळण्यापेक्षा मोडणे स्वस्त पडते.

दुसरीकडे औषध नियमांनी दुकानाच्या परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्टची अट घातली. म्हणजे दुकान काढायचे तर सर्टिफिकेट लागणारच. इथून भाड्याच्या सर्टिफिकेटचा धंदा सुरू झाला. भिंतीवर फ्रेममध्ये एकाचे नाव, काउंटरवर दुसराच. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी फार्मासिस्टच्या उपस्थितीचा आणि बिलाचा आग्रह धरला, परवाने निलंबित केले, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, दुकाने बंद ठेवण्याची भाषा झाली. सत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्यात लिहिलेली साधी गोष्ट पाळा म्हटल्यावर एवढा गदारोळ होतो, यावरूनच समजावे.

बिहारमधली गोष्ट याहून गंभीर. तिथल्या सरकारी दवाखान्यांत आणि दुकानांत नोंदणी नसलेली माणसे औषधे देतात ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने स्पष्ट म्हटले की हे लोकांच्या आरोग्याशी खेळणे आहे आणि ते थांबवणे हे राज्य सरकारचे व राज्य फार्मसी कौन्सिलचे कर्तव्य आहे. सरकारी दवाखान्यात कोण जाते? ज्याला खासगी परवडत नाही तो. चुकीचा डोस मिळण्याचा धोका समाजात सारखा वाटलेला नसतो.

एकोणतीस वर्षे तोच अभ्यासक्रम

आता वर्गात येऊ. डी. फार्मचा अभ्यासक्रम १९९१ च्या शिक्षण नियमांप्रमाणे चालत होता. तो बदलला २०२० च्या नियमांनी. मधल्या काळात देशात किती औषधे आली, मधुमेह आणि रक्तदाब घराघरांत पोहोचले, एचआयव्ही पसरला, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू आले. आपली मुले मात्र एकोणतीस वर्षे जुन्या चौकटीत शिकत राहिली. नव्या अभ्यासक्रमात 'सोशल फार्मसी' हा विषय पहिल्या वर्षाला आहे. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्याचे कौतुक आहे. आजार आणि गरिबी यांचा संबंध, लसीकरण, पोषण, सरकारी आरोग्य योजना हे फार्मासिस्टला शिकवायचे ठरले, ही चांगली गोष्ट. कम्युनिटी फार्मसी आहे, रुग्णाशी कसे बोलायचे हे आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे असे लिहिले आहे.

कागदावर हे सगळे उत्तम. पण हे शिकवायला शिक्षक लागतो, प्रयोगशाळा लागते आणि रुग्ण असलेले रुग्णालय लागते. डी. फार्मला पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचे. बी. फार्मला सहाव्या सत्रानंतर दीडशे तासांचे. ही अट कशी पूर्ण होते हे विद्यार्थ्यांना विचारा. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही-शिक्का आणायचा, वही भरायची.

माझ्या कामाच्या भागातल्या एका मुलीचे सांगते. नाव-गाव देत नाही, महाविद्यालयाचेही नाही. वडील बिगारी, आई चार घरची कामे करते. घरात बारावी विज्ञान झालेली ही पहिली. कॅप राउंडमधून डी. फार्मला लागली. महाविद्यालयाची इमारत तीन मजली, पाटी झकास. प्रात्यक्षिकाच्या तासाला सर एकदा करून दाखवायचे, बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवून घ्यायचे. पाहणीच्या दिवशी मात्र तिने कधी न पाहिलेले चार शिक्षक स्टाफरूममध्ये बसलेले होते. पाचशे तासांसाठी तिने महाविद्यालयाला रुग्णालय विचारले, तर उत्तर आले, तुमचे तुम्ही बघा. शेवटी तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये तिने पंधरा दिवस खोकी उचलली आणि पाचशे तासांची सही मिळाली. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला म्हणून गुणपत्रक अडवले गेले, त्यासाठी आम्ही दोनदा समाजकल्याण कार्यालयात गेलो. एवढे सगळे करून ती पास झाली, नोंदणी झाली. आणि त्याच महिन्यात तिला सर्टिफिकेट भाड्याने मागणारा पहिला माणूस घरी आला.

तिने मला विचारलेला प्रश्न मी आजही विसरलेली नाही. "ताई, दुकानात उभी राहिले तर दोन एसटी बदलून रात्री दहाला घरी. पगार असा किती जास्त? न जाता पैसे मिळतायत तर त्यात वाईट काय?" मी तिला कायदा सांगितला. नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते, तुझ्या नावावर कुणी चुकीचे औषध दिले तर चौकशी तुझी होईल. तिने ऐकून घेतले. नंतर शांतपणे म्हणाली, "पण काउंटरला उभी राहून काय सांगू मी लोकांना? मला शिकवलंय कुठं?"

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मूळ इथे आहे. मुलगी आळशी नव्हती, लबाडही नव्हती. कायद्याने तिच्याकडून ज्ञानाची अपेक्षा ठेवली, पण ते ज्ञान देणाऱ्याकडून कायद्याने फक्त कागद तपासले. मग तिनेही आपल्याजवळ विकण्यासारखे काय आहे ते पाहिले, तर कागदच होता.

महाविद्यालये एवढी का वाढली?

२०१९ च्या जुलैमध्ये फार्मसी कौन्सिलने ठराव केला की २०२०-२१ पासून पाच वर्षे डी. फार्म आणि बी. फार्मची नवी महाविद्यालये उघडू द्यायची नाहीत. कारण उघड होते : संस्था भरमसाट, दर्जा घसरलेला, पास होणाऱ्यांना काम नाही. सरकारी संस्था, ईशान्येकडील राज्ये, जिथे महाविद्यालये कमी आहेत अशी राज्ये यांना त्यातून सूट होती. संस्थाचालक उच्च न्यायालयांत गेले. कर्नाटक, दिल्ली, छत्तीसगड या तिन्ही ठिकाणी बंदी टिकली नाही. कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी तिथेही हरली.

तो निकाल लिहिला न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, पीठावर सोबत न्यायमूर्ती नरसिंह. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेल्या गवई साहेबांचा आपल्याला अभिमान आहे. पण अभिमान म्हणजे निकाल न वाचता टाळ्या वाजवणे नव्हे. निकालाचा गाभा असा : शिक्षणसंस्था काढणे हा टी. एम. ए. पै प्रकरणातल्या २००२ च्या निकालानुसार घटनेच्या कलम १९(१)(जी) खालचा मूलभूत अधिकार आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते कायद्याने. नुसत्या कार्यकारी ठरावाने, पत्रक काढून, मूलभूत अधिकार गोठवता येत नाही. संविधानाच्या दृष्टीने हे मला बरोबर वाटते. उद्या एखाद्या मंडळाने ठराव करून आपल्याच संस्थांना बंदी केली तर आपणही हेच म्हणू. शिवाय सरसकट बंदीचा फायदा शेवटी कुणाला? आधीपासून दुकान मांडून बसलेल्यांना. वाईट महाविद्यालय बंद करता येत नाही म्हणून चांगलेही उघडू द्यायचे नाही, हा काही नियमनाचा मार्ग नाही.

पण न्यायालयाने कौन्सिलचे हात बांधले नव्हते. दर्जा राखण्यासाठी कायद्याला धरून निर्बंध घालण्याची वाट निकालातच मोकळी ठेवली होती. कमी शिक्षकांची, प्रयोगशाळा नसलेली संस्था नाकारण्याचा अधिकार तर कलम १२ ने आधीपासूनच आहे, आणि दिलेली मान्यता काढून घेण्याचा अधिकार कलम १३ ने. तो वापरला कितीदा जातो हा प्रश्न आहे. ठराव करणे सोपे असते. पाहणीला जाऊन, समोरचा चहा न घेता, "तुमच्याकडे रसायने नाहीत" असे लिहिणे अवघड.

त्याआधी, २०२० च्या मार्चमध्ये, विदर्भातल्याच एका फार्मसी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट ठरवली होती. एआयसीटीई आणि फार्मसी कौन्सिल यांच्यात फार्मसी शिक्षणावर अधिकार कुणाचा, तर फार्मसी कायदा हा विशेष कायदा असल्याने कौन्सिलचा. त्यामुळे दोन मालकांचा गोंधळ संपला. पण सगळी सत्ता एका जागी आली, आणि त्या जागेवर देखरेख कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला. २०२५ च्या सीबीआयच्या गुन्ह्याकडे या नजरेने पाहायला हवे. एका व्यक्तीचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण ज्या खुर्चीच्या सहीवर शेकडो संस्थांची कमाई ठरते, ती खुर्ची इतकी मोलाची होणारच होती.

महाराष्ट्रात याचा परिणाम दरवर्षी प्रवेशाच्या काळात दिसतो. कौन्सिलची मान्यता उशिरा येते, म्हणून कॅपच्या फेऱ्या लांबतात, पहिले सत्र आक्रसते. अमरावती, कराड, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी अशी सरकारी महाविद्यालये मोजकी. बाकी सगळा कारभार खासगी विनाअनुदानित. आणि फेऱ्या संपल्यावर जागा रिकाम्या राहतात, त्या भरायला संस्थांचे 'प्रतिनिधी' वस्त्यांमध्ये येतात. एससीचा विद्यार्थी त्यांना विशेष आवडतो. का, हे समजून घेऊ.

शिष्यवृत्तीचा पैसा आणि आपला विद्यार्थी

२००६ च्या राज्याच्या कायद्याने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांतही आरक्षण आले. त्यात अनुसूचित जाती व बौद्ध धर्मांतरितांसाठी तेरा टक्के जागा आहेत. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना ते लागू नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही मिळू लागल्या, त्यामुळे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आली. आज कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर ही शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप. म्हणजे संस्थेच्या नजरेतून आपला विद्यार्थी ही सरकारकडून येणारी खात्रीची फी आहे. उशिरा येते, पण येते.

यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. हा आपला हक्क आहे, तो लढून मिळवलेला आहे. आक्षेप पुढचा आहे. हा सार्वजनिक पैसा देताना सरकार विद्यार्थ्याची उपस्थिती तपासते, जात पडताळणी तपासते, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते, सगळे तपासते. ज्या संस्थेला हा पैसा मिळतो तिथे त्या वर्षी शिक्षक होते का, प्रशिक्षण झाले का, हे तपासून पैसा देण्याची अट मात्र नाही. संशय घ्यायचा तो विद्यार्थ्यावर, अशीच ही रचना आहे. महाडीबीटीवर अर्ज भरताना कागद अपुरा म्हणून आपल्या मुलांचे अर्ज कितीदा परत येतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

२०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमांनी आणखी एक बदल केला. केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो संस्थेला भरायचा. तत्त्व चांगले. व्यवहारात काय होते? पैसा येईपर्यंत संस्था आधी मागते, किंवा परीक्षेचा अर्ज अडवते. आला की घरातली दुसरी निकड उभी असते. आणि 'प्रतिनिधी' जे सांगत नाही ते हे, की संस्थास्तरावरच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. ऑगस्टमध्ये "फी एक रुपया नाही" म्हणणारा माणूस मार्चमध्ये फोन उचलत नाही.

शिवाय ही संधी एकदाच असते. एका पातळीवर शिष्यवृत्ती वापरली की त्याच पातळीवरच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला ती पुन्हा मिळत नाही. पैसेवाल्याच्या मुलाने वाईट महाविद्यालयात दोन वर्षे घालवली तर तो तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जातो. आपल्या मुलीची दोन वर्षे गेली की गेलीच.

एक्झिट परीक्षा : गाळणी कुणासाठी?

आता एक्झिट परीक्षेकडे. २०२२ च्या फेब्रुवारीत निघालेल्या नियमांप्रमाणे डी. फार्म पास झाल्यावर, नोंदणीपूर्वी, तीन पेपरची परीक्षा द्यायची. प्रश्न बहुपर्यायी, माध्यम इंग्रजी, प्रत्येक पेपरमध्ये पन्नास टक्के आणि तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात सुटले पाहिजेत. कितीही वेळा बसता येते. परीक्षा घेण्याचे काम डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे. २०२४ मध्ये वेळापत्रक निघाले, मग लांबले, विद्यार्थी ताटकळले.

परीक्षेलाच विरोध करावा असे मला वाटत नाही. लोकांच्या हातात औषध देणाऱ्याची पात्रता तपासली पाहिजे, आणि आपल्या मुलांना सोपी पायरी हवी असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. पण ही गाळणी लावली कुठे ते पाहा. डी. फार्म पास व्हायला चाळीस टक्के पुरतात. त्याच विषयांसाठी बाहेर पडताना पन्नास टक्के, इंग्रजीतून, एकाच दमात. मधल्या दोन वर्षांत जे शिकवले गेले नाही त्याची किंमत परीक्षेत विद्यार्थी मोजणार. ज्या महाविद्यालयातले बहुतेक विद्यार्थी नापास होतील, त्या महाविद्यालयाचे काय होणार, याबद्दल नियम गप्प आहेत. फी घेऊन झालेली, शिष्यवृत्ती जमा झालेली. नापास झालेल्याची नोंदणी होणार नाही, म्हणजे दोन वर्षांची पदविका हातात असून तो कायद्याच्या भाषेत फार्मासिस्टच नाही. मग शहरात क्लास उघडतील, ज्याला परवडेल तो तिथे जाईल. नीटचे जे झाले तेच.

ही परीक्षा संस्थेची परीक्षा करता येईल का? नक्की येईल. प्रत्येक महाविद्यालयाचा निकाल जाहीर करा, सलग काही वर्षे निकाल खाली राहिला तर कलम १३ ची कारवाई आपोआप सुरू होईल असा नियम करा. तेवढ्याने एका प्रवेश हंगामात चित्र बदलू लागेल. २०२३ च्या आयोगाच्या मसुद्यात शिक्षण, मूल्यांकन व श्रेणी, आणि नीतिमत्ता व नोंदणी अशी तीन स्वतंत्र मंडळे सुचवलेली आहेत. मान्यता देणारा आणि तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व चांगलेच. पण डॉक्टरांच्या बाबतीत जुनी परिषद जाऊन आयोग आला, तरी वैद्यकीय महाविद्यालयांच्या पाहणीतल्या गैरव्यवहाराचे आरोप थांबले नाहीत, हेही आपण त्याच २०२५ मध्ये पाहिले. पाटी बदलून फारसे होत नाही. १९४८ च्या कायद्याने कौन्सिलवर प्राध्यापक, राज्यांचे प्रतिनिधी, सरकारी अधिकारी सगळे बसवले. विद्यार्थ्यासाठी किंवा रुग्णासाठी त्यात एकही खुर्ची नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठीही नाही. नव्या कायद्याची चर्चा होईल तेव्हा आपल्या विद्यार्थी संघटनांनी पहिली मागणी या खुर्च्यांची केली पाहिजे. दुसरी मागणी, समाजकल्याणचा पैसा संस्थेच्या शिक्षकसंख्येशी आणि प्रशिक्षणाशी जोडण्याची. ती तर नव्या कायद्याची वाट न पाहता राज्य सरकारच्या एका शासन निर्णयानेही होऊ शकते.

तोवर हाताशी काय आहे? पर्याय भरण्यापूर्वी कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाची त्या वर्षाची नोंद पाहणे. तिथे दोन प्रकारच्या मान्यता असतात आणि त्यांतला फरक फार कमी जणांना माहीत आहे. एक, अभ्यासक्रम चालवण्याची मान्यता. दुसरी, कलम १२ ची, नोंदणीसाठीची. नव्या महाविद्यालयाला सुरुवातीला पहिलीच असते, दुसरी पहिल्या तुकडीच्या परीक्षेनंतर यायची असते. विद्यापीठाची किंवा तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता आहे म्हणजे झाले, असे समजू नका. कलम १२ ची मान्यता आली नाही तर पास होऊनही नोंदणी अडते, आणि मग न्यायालयाच्या फेऱ्या. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या संस्थेची फी किती ठरवली आहे हेही पाहायला मिळते, त्यावर एक रुपया जास्त मागितला तर लेखी मागायला सांगा.

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळांनी प्रवेशाच्या आठवड्यात एक संगणक आणि दोन सीनियर विद्यार्थी एवढ्यासाठी बसवले तरी पुष्कळ होईल. आणि ज्यांचे शिक्षण सुरू आहे त्यांच्यासाठी माहिती अधिकार आहे. खासगी महाविद्यालय उत्तर देणार नाही म्हणेल. पण फार्मसी कौन्सिल, तंत्रशिक्षण संचालनालय, समाजकल्याण ही सार्वजनिक प्राधिकरणे आहेत. आमच्या महाविद्यालयाचा शेवटचा पाहणी अहवाल द्या, त्यात दाखवलेल्या शिक्षकांची यादी द्या, गेल्या तीन वर्षांत या संस्थेला किती शिष्यवृत्ती दिली ते सांगा, असे तीन प्रश्न. अर्जाचे शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने अर्ज करू नये, त्याचे अंतर्गत गुण संस्थेच्या हातात असतात. अर्ज कार्यकर्त्याने करावा.